थोडं म्हणजे किती

माझे घरमालक रोज सकाळी मरायचे. उजाडायच्या सुमारास गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला चटई टाकून उताणे पडायचे, पांढरी चादर हनुवटीपर्यंत ओढायचे, पायाचे अंगठे जुळवायचे आणि मरायचे. मग उठायचे, चादरीची घडी घालायचे आणि खाली जाऊन पोहे खायचे.

हे मला खोली भाड्याने घेताना कोणी सांगितलं नव्हतं. औषध कंपनीची विक्रीची नोकरी धरून मी सटाण्याहून नाशिकला आलो, पाथर्डी फाट्याजवळ त्यांची वरची खोली घेतली आणि पहिल्याच सकाळी टॉवेल वाळत घालायला गच्चीवर गेलो. समोर प्रेत. माझ्या हातातला टॉवेल खाली पडला. आता पोलीस येणार, माझं नाव लिहून घेणार, आई म्हणणार तुला सांगितलं होतं नाशिकला जाऊ नको, इथपर्यंत माझं डोकं जाऊन आलं. हिय्या करून जवळ गेलो, वाकून बघितलं, तर प्रेताने एक डोळा उघडला.

"अजून नाही," ते म्हणाले आणि डोळा मिटून घेतला.

मी धावत खाली त्यांच्या बायकोकडे, काकूंकडे गेलो. त्या कांदा चिरत होत्या. "काकू, काका वर..."

"हां, ते होय," काकू म्हणाल्या. "मरू द्या. पोह्यांचा वास वर गेला की उठतात."

मरणाचं स्मरण ही बुद्धाने सांगितलेली साधना आहे, हे मला नंतर कळलं. काका ती इगतपुरीच्या शिबिरात शिकून आले होते. तिथे म्हणे तोंडातून शब्द काढायचा नसतो. परत आल्यावर मौनाचं महत्त्व या विषयावर त्यांनी कॉलनीला इतकं बोलून दाखवलं, की लोक त्यांना पुन्हा शिबिराला जायचा आग्रह करू लागले. चादर आणि अंगठे ही मात्र काकांची स्वतःची भर. विहारात येणारे भन्तेजी, म्हणजे भिक्खू, मोठे शांत गृहस्थ. त्यांनी समजावलं, एवढं करायची गरज नसते, बसूनही स्मरण होतं. काका म्हणाले, "भन्ते, रंगीत तालीम पूर्ण ड्रेसमध्येच करायची असते."

जे जे तयार झालं ते ते नासणार, याला पालीत अनिच्च म्हणतात. काकांनी तो शब्द तोंडात असा काही बसवून घेतला होता, की दुसरे शब्द अंग चोरून बाहेर पडायचे. कप फुटला, अनिच्च. लाइट गेली, अनिच्च. मला पहिल्या महिन्यात ताप आला, तेव्हा दारात उभे राहून म्हणाले, "अनिच्च. काकूने पेज पाठवलीय, गरम आहे तोवर पी." पाठीमागे सगळी कॉलनी त्यांना अनिच्चकाका म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. नाव चुकीचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

माझ्या धंद्याबद्दल मात्र त्यांना कीव यायची. "गोळ्या विकतोस म्हणजे काय करतोस? रिजेक्शन पुढे ढकलतोस."

ते अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते, जन्मभर. पार्ट हातात घ्यायचा, माप लावायचं आणि बसला तर पुढे, नाही तर लाल खोक्यात. निवृत्त झाल्यावर पार्ट गेले, पण माप राहिलं. त्यांचं म्हणणं असं, की जगात दोन प्रकारचे पार्ट असतात, रिजेक्ट झालेले आणि अजून व्हायचे. माणूस दुसऱ्या प्रकारात मोडतो. हे ते लग्नाच्या पंगतीतही सांगायचे.

पण त्यांचा खरा वैरी एकच शब्द होता, थोडं. त्यांच्या समोर कोणी "थोडं" म्हटलं, की संपलं. "थोडं म्हणजे किती?" पाहुण्याने थोडी साखर मागितली तरी तोच प्रश्न. मी म्हटलं, काका, भाडं द्यायला थोडा उशीर होईल, तर उशीर चालला त्यांना, थोडा चालला नाही. त्यांनी मला एकदा जिन्यात उभं करून शिकवलं होतं, "ड्रॉइंगवर थोडं असं काही नसतं. माप असतं आणि मापाला प्लस-मायनस असतं. अगदी तंतोतंत पार्ट कुठल्याच मशीनवर निघत नाही, म्हणून ती सूट. आणि ती सूट किती, हे इन्स्पेक्टर ठरवत नाही, बरं का. ते गिऱ्हाईक ठरवतं."

स्वयंपाकघरात हे शास्त्र चालत नसे. भाजीत मीठ किती घातलंस, असं त्यांनी विचारलं, की काकू म्हणायच्या, "थोडं." मग तो ठरलेला प्रश्न. मग काकूंचं ठरलेलं उत्तर, "माझ्या बोटांत बसेल तेवढं. बोटं मोजा." हा संवाद मी खालून वर येणाऱ्या फोडणीच्या वासाबरोबर रोज ऐकत आलो.

आता असा माणूस घरात काही साठवून ठेवणार नाही, असं वाटेल कोणालाही. छे. त्यांची स्कूटर इतकी जुनी होती, की तिचे सुटे भाग बनवणारेही अनिच्च झाले होते. ती लाथा खाऊनच सुरू व्हायची, पण काका तिला विकेनात. मिक्सर तीन ठिकाणी जोडलेला. मी भिंतीला खिळा ठोकायला घेतला, तर हातोडीचा पहिला ठोका पडायच्या आत वर हजर.

"काका, सगळंच नासणार ना? मग एक खिळा ठोकला तर काय बिघडलं?"

"नासणार आहे म्हणून तर जपायची," ते म्हणाले आणि हातोडी घेऊन खाली गेले. माझ्या आईला मी हे फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, लोका सांगे ब्रह्मज्ञान. तेव्हा मला ते पटलं होतं.

कॉलनीत कोणाकडे मयत झाली, की काका सगळ्यांत आधी पोचायचे. तिरडी बांधण्यापासून अमरधामच्या पासापर्यंत सगळी धावपळ ते करत, त्याबद्दल कोणी त्यांना नावं ठेवणार नाही. जिथे सगळे मरून येतात त्या जागेला अमरधाम कोणी नाव दिलं, एवढं मात्र दर वेळी फाटकात विचारत. अडचण त्यांच्या सांत्वनाची होती. घरातली बाई हंबरडा फोडायला लागली, की काका तिच्याशेजारी जाऊन हळूच म्हणायचे, "ताई, अनिच्च. रडू नका." एकदा एका बाईने पदर तोंडावरून काढला, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, अनिच्च मलाही ठाऊक आहे. नवरा माझा होता." काकूंनी काकांचा शर्ट मागून धरून त्यांना बाहेर ओढलं.

त्याच संध्याकाळी काकांनी काकूंकडे वचन मागितलं. मी भाडं द्यायला गेलो होतो, दारातच अडकलो. काका म्हणाले, "मी गेल्यावर तू रडायचं नाही. शब्द दे."

काकू भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही मरायचं ते तुमचं काम करा. माझं काम मला करू द्या."

तेव्हापासून हे सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं. काका चहा पिताना मागायचे, विहारातून येताना मागायचे, काकू वाळवणं घालताना मागायचे. काकूंनी कधी हो म्हटलं नाही, की कधी भांडल्या नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी. मला वाटायचं, हा निव्वळ हट्ट आहे म्हाताऱ्याचा. बायकोने आपल्या तत्त्वज्ञानाला शेवटचा शिक्का मारावा, एवढीच हौस.

मग ते फ्लेक्सचं प्रकरण झालं. काकांना आपला श्रद्धांजलीचा फ्लेक्स आधी तपासून ठेवायचा होता. मेल्यावर कोण तपासणार, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. त्यांनी फाट्यावरच्या फ्लेक्सवाल्याच्या पोऱ्याकडे फोटो दिला आणि सांगितलं, फक्त नाव, अनिच्च हा शब्द आणि खाली एक सूचना, कृपया रडू नये. नमुना काढून ठेव, बघायला येतो. आता फ्लेक्सवाल्यांची एक रीत आहे. वाढदिवसाचा फ्लेक्स हवा तेवढा रखडवतात, पण श्रद्धांजलीचा आला की बाकी कामं बाजूला ठेवतात, उजाडायच्या आत छापून चौकात लावून मोकळे होतात. दुःखातल्या माणसाला फोन करून विचारायचं नसतं. पोऱ्याने निरोप अर्धाच पोचवला आणि या भल्या माणसाने तेच केलं.

नेमकी त्या दिवशी माझी आई पहाटेच्या गाडीने सटाण्याहून येत होती. फाट्यावर उतरल्या उतरल्या तिचा फोन. "तुना मालकना बॅनर लागेल शे चौकमा. म्हातारा जित्ता शे ना?"

मी म्हटलं, असणार, काल रात्री माझ्याशी भांडलेत. तोवर जिन्यात पावलं वाजायला लागली. कॉलनी वर चढत होती. आणि वर काय, तर काका नेमाप्रमाणे मेलेले. पांढरी चादर, जुळवलेले अंगठे, मिटलेले डोळे. फ्लेक्सवर ज्यांचा अर्धामुर्धा विश्वास होता त्यांचाही आता पूर्ण बसला. कोणीतरी फुलं आणायला पळालं. एका आजींनी सूर धरला. काका मरणाचं स्मरण अर्ध्यावर सोडत नसत, त्यामुळे ते हलले नाहीत. मी "अहो, थांबा" म्हणत होतो, पण ऐकतो कोण.

काकू दूध आणायला गेल्या होत्या. चौकात त्यांनी फ्लेक्स बघितला. नवरा गच्चीवर रोजच्यासारखा पडलाय हे त्यांना ठाऊक होतं, पण रोजचा मेलेला आणि खरोखरचा मेलेला यांतला फरक त्या घरात कोणाला सांगता आला नसता. त्या गच्चीच्या दारात आल्या, गर्दी बघितली, आजींचा सूर ऐकला, आणि दुधाची पिशवी त्यांच्या हातातून निसटली. मग त्या जे रडल्या, ते मी कधी विसरणार नाही. आवाज कुठून येतोय हेच कळेना. आजी गप्प झाल्या.

काकांनी दोन्ही डोळे उघडले. उठून बसले. लोक मागे सरले, एकजण तर टाकीवर आदळला. काका काकूंकडे बघत राहिले, आणि मला वाटलं आता काहीतरी मायेचं बोलतील. ते म्हणाले, "आणि मी म्हणतो शब्द दे, तर देत नाहीस."

काकूंनी पदराने तोंड पुसलं. "जिवंत आहात म्हणून वाचलात," त्या म्हणाल्या, "नाहीतर आज तुमचं काही खरं नव्हतं." आणि खाली निघून गेल्या. त्या दिवशी पोहे झाले नाहीत.

काका तडक चौकात गेले आणि फ्लेक्स वाचून खवळले. लवकर लावला म्हणून नाही. वर मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली' छापलं होतं. "भावपूर्ण कोणी घातलं? मी सांगितलं होतं?"

फ्लेक्सवाला म्हणाला, "काका, तो शब्द साच्यातच येतो. तो काढला की सगळं डिझाइन हलतं."

तो फ्लेक्स काकूंनी उतरवून आणला, चांगला धुतला आणि उन्हाळ्यात पालथा अंथरून त्यावर कुरडया घातल्या. काका खाली जमिनीकडे तोंड करून हसत होते, वर गव्हाचा चीक वाळत होता. माणूस म्हणून काकांनी ही विल्हेवाट कौतुकाने बघितली. इन्स्पेक्टर म्हणून कुरडयांचा आकार एकसारखा नाही, असा शेरा मारला.

एकदा स्कूटरवरून ते मला पिंपळगावला सोडायला आले, माझी गाडी बंद पडली होती म्हणून. महामार्गावर टेंपोंच्या गर्दीत मी मागून ओरडून विचारलं, "काका, काकू रडल्या तर तुमचं काय जातं?" ते रस्त्याकडेच बघत म्हणाले, "माझा बाप गेला, तेव्हा माझी आई रडायला लागली. ती मग थांबलीच नाही. मी शाळेतून यायचो, ती रडत असायची. मी नोकरीला लागलो तेव्हाही. जेवण सोडलं, माणसं सोडली. हिच्याकडे तेव्हा बघायला मी नसणार ना." पुढे टोलनाका आला, म्हणून विषय संपला. मागच्या सीटवर मला इतकी वर्षं या माणसाला हसलो याचं वाईट वाटत होतं. पिंपळगावला उतरवताना ते म्हणाले, "नीट जा. आपण अजून व्हायचे पार्ट आहोत."

दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांचे डोळे पिवळे झाले. कावीळ म्हणून दवाखान्यात नेलं, निघालं भलतंच. स्वादुपिंडाचा कॅन्सर. मी त्यावरच्या गोळ्या विकतो, त्यामुळे डॉक्टर काय बोलत नाहीत ते मला कळत होतं. काकूंना कळू नये म्हणून डॉक्टर चांगुलपणाने म्हणाले, "थोडा वेळ आहे आपल्याकडे."

"थोडा म्हणजे किती?" काका म्हणाले. "प्लस-मायनस धरून सांगा."

डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी सांगितलं. काका मान हलवत म्हणाले, "आलं लक्षात. अनिच्च." आणि खरं सांगतो, त्यात नाटक नव्हतं. गच्चीवरची ती सगळी मरणं फुकट गेली नव्हती. पोटात कळ यायची तेव्हा ते डोळे मिटून श्वासाकडे बघत पडायचे, नर्सवर कधी खेकसले नाहीत, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला स्कूटरची देखभाल समजावून सांगायचे. भन्तेजी भेटायला आले, ते म्हणाले, उपासकाची तयारी चांगली आहे. काकांना हा शेरा आवडला.

राहिलं होतं एवढंच, काकूंचं वचन.

त्या दुपारी मी मोसंबी सोलत खाटेजवळ बसलो होतो. काकू डब्यातली मऊ खिचडी चमच्याने भरवत होत्या. काका नेहमीच्या सवयीने म्हणाले, "शब्द दे आता तरी."

काकूंनी चमचा डब्यात ठेवला. "बरं," त्या म्हणाल्या. "दिला. नाही रडणार."

मी मोसंबी सोलायचा थांबलो. आता काका म्हणणार, झालं, सुटलो. पण काकूंनी पुन्हा चमचा पुढे केला, तर त्यांनी तोंड फिरवलं. खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पार्किंग होतं. मग त्यांनी विचारलं, "अजिबात नाही?"

"तुम्हीच मागत होतात ना इतकी वर्षं?"

"हो. म्हणजे तत्त्व म्हणून मागत होतो."

"मग दिलं की तत्त्व."

काका चादरीची कड बोटांनी सरळ करत बसले. मग कान टवकारावे लागतील इतक्या हळू आवाजात म्हणाले, "थोडं चालेल."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. काकू डबा उचलून धुवायला निघून गेल्या.

आठवड्याभरात काका गेले. सकाळीच गेले, नेमाने. अंगठे काकूंनी जुळवले. अमरधामला मी फाटकात नावाबद्दल विचारणार होतो, त्यांच्या वतीने, पण माझ्याच्याने बोलवलं नाही. मी ढसाढसा रडलो, फ्लेक्सवालासुद्धा रडला. काकू रडल्या नाहीत. त्रिसरण-पंचशील झालं, त्या हात जोडून म्हणत होत्या, आवाज स्पष्ट. काही दिवसांनी घरी जलदान विधी झाला, गेलेल्याच्या नावे पुण्यानुमोदन, मग श्रद्धांजलीची भाषणं, मग जेवण. प्रत्येक वक्त्याने माइक हातात घेऊन काकूंचं कौतुक केलं. काकांची शिकवण म्हणतात ती ही, बघा, डोळ्यांत टिपूस नाही. मागे फ्लेक्स होता, त्यावर भावपूर्ण होतं. काकू समोर बसून ऐकत होत्या, चेहरा कोरा. मला त्यांची भीती वाटली. जेवण नुसतं ताटात चिवडत होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी टॉवेल वाळत घालायला गच्चीवर गेलो. टाकीच्या आडोशाला चटई तशीच होती, कोणी उचललीच नव्हती. तिच्या कडेला काकू बसल्या होत्या, घडी घातलेली पांढरी चादर मांडीवर घेऊन.

"तुम्ही होतात ना हो तिथं," त्या म्हणाल्या. "ते थोडं चालेल म्हणाले तेव्हा."

"होतो, काकू."

"मी डबा धुवायला गेले, तेव्हा मागून काही बोलले का? थोडं म्हणजे किती, ते?"

"नाही बोलले."

काकू चादरीवरून हात फिरवत राहिल्या. "जन्मभर मला चिमूटभर मिठाचं माप विचारलं त्या माणसाने. आणि हे एवढं मोघम ठेवून गेले. मला माझं माहीत आहे, एकदा सुरू झालं की ते थोड्यात थांबायचं नाही. शब्द तर दिलेला. म्हणून मी सुरूच केलं नाही."

मला काकांनी जिन्यात शिकवलेलं आठवलं.

"काकू, काकाच म्हणायचे. कुठल्याही मापाला प्लस-मायनस असतं."

"असतं, पण किती?"

"ते इन्स्पेक्टर ठरवत नाही, म्हणायचे. ते गिऱ्हाईक ठरवतं. म्हणजे तुम्ही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, आधी मला वाटलं हसतायत. मग त्यांनी चादर तोंडाशी धरली आणि रडल्या. फ्लेक्स लागला त्या दिवसासारख्या, तशाच, कुठून आवाज येतोय कळू नये अशा. ते थोडं मुळीच नव्हतं. उन्हं टाकीवर आली, दूधवाला खालून हाका मारून निघून गेला, आणि मी ओला टॉवेल खांद्यावर तसाच घेऊन त्यांच्याशेजारी चटईवर बसून राहिलो.